जिल्हा आवृत्तीतली नोकरी सोडून स्वतःचं वर्गणीचं पत्र काढावं का?

भीमाकाठ (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यात एका मोठ्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातमीदार आहे. दैनिकाचं नाव सांगत नाही, विचारूही नका, अजून पगार तिथूनच येतो.

पत्रकारावर दबाव म्हटलं की बाहेरच्यांना मंत्र्याचा फोन आठवतो. माझ्या वाट्याला दबाव येतो तो वाढदिवसांचा. आमदारांचा वाढदिवस, कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस, चेअरमनच्या चिरंजीवांचा वाढदिवस. प्रत्येकाची पुरवणी निघते आणि तिच्या जाहिराती बातमीदारानंच गोळा करायच्या असतात. टार्गेट ठरलेलं. दिवाळीचं वेगळं, वर्धापनदिनाचं वेगळं. सकाळी ज्यांच्याकडं अर्ध्या पानाची जाहिरात मागायला जायचं, त्यांच्याच कारखान्याची थकलेली एफआरपी (उसाचा कायद्यानं ठरलेला किमान दर) संध्याकाळी लिहायची. बरं, बातमी कुणी मारतही नाही. ती पान तीनवर तळाला दोन परिच्छेदांत जाते आणि कारखान्याच्या नावाच्या जागी येतं ‘जिल्ह्यातील काही कारखाने’. जिल्ह्यात तीसहून जास्त कारखाने आहेत. वाचणाऱ्यानं काय समजायचं?

मला दोन विषय पक्के कळतात. एक ऊसबिल, दुसरा उजनी. उजनीचं उदाहरण देतो. धरण एकूण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी, उपयुक्त साठा फक्त ५३.५७. टक्केवारी निघते ती उपयुक्त साठ्यावर, म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी वजा २० टक्के’ असा मथळा येतो आणि सोलापुरात लोक टँकरचे नंबर शोधायला लागतात. वजा वीस म्हणजे मृतसाठ्यातलं पावणेअकरा टीएमसी गेलं, अजून ५२-५३ शिल्लक आहे. २०२४च्या जूनमध्ये धरण वजा ६०च्या घरात गेलं होतं, तेव्हाही ३१ टीएमसीच्या वर पाणी होतं. प्रश्न पाणी आहे की नाही हा नसतोच. ते कुणाच्या पाइपला लागतं, कुठल्या कालव्याच्या दाराला लागत नाही, त्यात गाळ किती आणि शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नदीतून सोडलेलं पाणी वाटेत कुठं कुठं उपसलं जातं, हे खरे प्रश्न. हे सगळं लिहायला मला दोनशे शब्द मिळतात.

एक मित्र म्हणतो, ईमेलवर स्वतःचं पत्र काढ, अमेरिकेत लोक सबस्टॅकवर (वर्गणीची ईमेल पत्रं चालवणारी सेवा) लाखो कमावतात. रवीश कुमारांनी २०२२मध्ये एनडीटीव्ही सोडलं आणि यूट्यूबवर गेले, निखिल वागळे तर कधीचे स्वतंत्रच आहेत. पण त्यांना नाव आहे. मला करमाळ्याच्या पुढं कोण ओळखतं?

तर विचारायचं असं: मराठीत कुणी पैसे देऊन असलं पत्र वाचेल का? आमचा शेतकरी ईमेल उघडत नाही, त्याचं काय करायचं? वर्गणी किती ठेवायची, घ्यायची कशी? आणि एखाद्या चेअरमननं नोटीस पाठवली तर? आज मागं दैनिक तरी आहे, कसंही असलं तरी. अधिस्वीकृती कार्ड (पत्रकाराची सरकारी मान्यता) जाईल ते वेगळंच.

जुना वर्गणीदार (पुणे)

मित्राला सांगा, अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१०पासून ‘दीनमित्र’ चालवला तो नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून, आणि १९६७मध्ये ते जाईपर्यंत चालवला. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ची, जवळजवळ एकहाती. बाबासाहेबांनी १९२०च्या जानेवारीत ‘मूकनायक’ काढला तेव्हा ‘केसरी’नं पैसे देऊ केले तरी त्याची साधी जाहिरात छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून तो उभा राहिला. मोठ्या पत्रात जागा नाही म्हणून स्वतःचं काढायचं, हा आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे.

पण मी आयुष्यभर साप्ताहिकं-मासिकांचा वर्गणीदार राहिलोय, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. एकेक बंद पडताना पाहिलं, आणि शेवटच्या अंकातलं निवेदन बहुतेक वेळा थकलेल्या वर्गणीचंच असायचं. मराठी वाचक अंक आवडला की पत्र लिहितो, संपादकाला घरी जेवायला बोलावतो, आणि वर्गणीचं म्हणाल तर ‘पुढच्या महिन्यात पाठवतो’. दिवाळी अंकाला मात्र हाच माणूस तीनशे-चारशे रुपये काढून देतो, एक सोडून चार अंकांना. पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून, १९०९पासून लागलेली सवय आहे ती. तेव्हा महिन्याला पन्नास मागू नका, वर्षाचे एकदम मागा आणि आधी मागा. उधारीवर एकही अंक नको.

आणि नोकरी सोडायची घाई करू नका. तुमच्या वयाचा मुलगा आहे मला, म्हणून बोललो.

निफाडची

भीमाकाठदादा, मी कांद्यावर आठवड्याचं पत्र काढते. आधी एका दैनिकाच्या शेतीपानावर लिहायचे. २०२०च्या टाळेबंदीत पानं कमी झाली तेव्हा पहिलं गेलं ते शेतीपान. तेव्हापासून हेच. प्रश्नांची एकेक करून उत्तरं देत बसत नाही, जे महत्त्वाचं वाटतं त्यावर जास्त लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्ही वर्तमानपत्र काढू नका. माझ्यासमोर या भागात तिघा-चौघांनी नोकरी सोडून ‘स्वतंत्र’ पोर्टलं काढली. त्यावर अपघात, उद्घाटनं, दहावीचा निकाल, पालकमंत्र्यांचा दौरा. म्हणजे जे फुकट मिळतं तेच. मग पैसे येईनात, मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर आले. सुटलात कशातून आणि पोचलात कुठे?

पैसे लोक कशाचे देतात ते सांगते. लासलगावचा कांद्याचा भाव सगळीकडे छापून येतो. बाजार समिती रोज तीन आकडे देते: किमान, कमाल, सरासरी. मथळ्यात जातो कमाल. हा कमाल भाव कधी कधी एकाच ट्रॉलीला निघालेला असतो, आणि बाकी सगळं आवार त्याच्या पुष्कळ खाली विकलेलं असतं. येवल्याकडचा शेतकरी मथळा वाचतो, चाळ (साठवलेला कांदा) फोडतो, ट्रॅक्टर भाड्यानं करून येतो आणि दुपारी सरासरीपेक्षाही कमी घेऊन परत जातो. माझ्या पत्रात पहिली ओळ सरासरीची असते. दुसरी आवकेची, किती नग (कांद्याच्या गाड्या) आले आणि मागच्या आठवड्यापेक्षा किती जास्त. तिसरी पिंपळगाव बसवंत आणि विंचूरचा फरक. कमाल भाव असतो, पण खाली आणि लहान टाइपात. एवढ्या तीन ओळींसाठी माझे निम्मे लोक वर्गणी भरतात. पुढचं दीड पान मी माझ्या हौसेनं लिहिते, असं आमच्याकडे घरात म्हणतात.

आता ७ डिसेंबर २०२३ आठवा. रात्री डीजीएफटीची (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) अधिसूचना आली, ३१ मार्चपर्यंत कांद्याची निर्यात बंद. दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. वर्तमानपत्रांनी ते उत्तम दिलं, फोटो, पुढाऱ्यांची वक्तव्यं, शेतकऱ्यांचा संताप, सगळं. पण मला सकाळपासून येणारे फोन वेगळेच होते. ‘ताई, माझा कंटेनर भरून झालाय, आता काय?’ त्याचं उत्तर त्या अधिसूचनेतच खाली होतं. ज्यांचा माल आदेशाआधी जहाजावर चढायला लागला होता, ज्यांचं शिपिंग बिल भरून जहाज बंदरात लागलं होतं किंवा ज्यांचा माल कस्टमच्या ताब्यात गेला होता, त्यांना सूट होती. मी तेवढाच भाग सोप्या मराठीत उतरवला, कुठला कागद हाताशी ठेवायचा ते लिहिलं आणि वार न बघता पाठवून दिला. त्या आठवड्यात आल्या तेवढ्या वर्गण्या त्याआधी कधी आल्या नव्हत्या.

मे २०२४मध्येही तेच. ४ तारखेला ‘निर्यातबंदी उठली’ असे मथळे झळकले, पेढे वाटले गेले. सोबत टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं. तेव्हाच्या डॉलरच्या भावानं हे किलोला ४६ रुपये, वर शुल्काचे १८. चौसष्ट रुपयांच्या आत कांदा देशाबाहेर पडूच शकत नव्हता. हे गणित पाच ओळींचं आहे. दैनिकातल्या माणसाला ते येत नाही असं नाही. त्याच्या हातात त्या दिवशी अजून सहा बातम्या असतात.

तुमचं उजनीचं जे लिहिलंय ना वर, वजा वीस म्हणजे काय ते, तसलंच पत्र हवं. उसाचंही तसंच. कायद्यानं तोडणीनंतर १४ दिवसांत एफआरपी द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि प्रत्येक पुढारी भाषणात म्हणतो. पण व्याज प्रत्यक्ष कुणाला मिळालं का? तुमच्या तीसेक कारखान्यांचं एक कोष्टक करा: कारखान्याचं नाव, गाळप, उतारा (उसातून निघालेली साखर), देय रक्कम, दिलेली रक्कम, किती दिवस थकली. नाव गाळायचं नाही. ‘काही कारखाने’ हा शब्दच तुमच्या पत्रातून हद्दपार.

ईमेलचं. तुमचं बरोबर आहे, शेतकरी ईमेल उघडत नाही. पण वर्गणी कोण भरतं ते बघा. माझ्याकडे पैसे भरणाऱ्यांत शेतकऱ्यांचे पोरगे-पोरी खूप आहेत, हिंजवडीत, बंगलोरला, काही परदेशात. वडील चाळ सांभाळतात आणि पोरगा रोज संध्याकाळी फोनवर विचारतो, ‘विकायचा का थांबायचं?’ त्याला बोलायला काहीतरी लागतं. तो ईमेलवर वाचतो आणि वडिलांना व्हॉट्सअॅपवर टाकतो. शिवाय खताचे दुकानदार, बँकेचे शेती अधिकारी, वाशीचे व्यापारी. हे सगळे ईमेल बघतात.

व्हॉट्सअॅपवर मी पीडीएफ पाठवते, पण ब्रॉडकास्ट यादीनं. एका यादीत २५६ जण मावतात, आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच ते पोचतं. म्हणून वर्गणी भरल्यावर पहिला निरोप हाच: नंबर सेव्ह करा. ग्रुप अजिबात काढू नका. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगची फुलं, तिसऱ्या दिवशी पक्षाच्या पोस्टी, आणि तुम्ही त्याचे अॅडमिन. फॉरवर्ड होणारच, त्याची चिंता सोडून द्या. शेवटच्या पानावर तळाला क्यूआर कोड ठेवा, फुकट वाचणाऱ्यांतले काही जण लाजेनं का होईना भरतात.

वर्गणी माझी वर्षाला सहाशे. आधी चारशे होती. वाढवली तेव्हा गळाले ते थोडे, आणि जे गळाले ते तसेही दर आठवड्याला तक्रार करणारे होते. मागायची वेळ मात्र नीट निवडा. वरच्या काकांनी दिवाळी सांगितली, ती पुण्याला ठीक आहे. तुमच्याकडे उसाची पहिली उचल (बिलाचा पहिला हप्ता) खात्यावर पडते तेव्हा मागा. जून महिन्यात, बी-बियाणं आणि शाळेच्या फिया एकदम आलेल्या असताना, कुणाकडे काही मागू नये.

औषध कंपन्यांच्या जाहिराती मी घेत नाही. करप्यावर कुठलं बुरशीनाशक मारावं हे पत्रात येतं, तिथे त्यांचाच पैसा घेतला तर ते वाचायचं कशाला?

आता जे कुणी सांगत नाही ते. माझं घर या पत्रावर चालत नाही. दीड एकर द्राक्ष आहे आणि नवरा शाळेत शिक्षक आहे. पत्राचे पैसे येतात ते माझ्या जुन्या पगाराच्या जवळ जातात, काही महिन्यांत पुढेही, पण भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, बाळंतपणाची सुट्टी नाही, ताप आला तरी पत्राचा बुधवार येतोच. एकट्या माणसाचं पत्र म्हणजे एका बैलाची गाडी. तेव्हा घरात दुसरं काही उत्पन्न आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर वर्षभराचा खर्च बाजूला टाका आणि मग राजीनामा द्या. नोकरीत राहून चोरून काढता येणार नाही, तुमच्या नेमणूकपत्रात तसं कलम असणारच.

अजून एक, आणि हे थोडं रागानं. ‘मेनस्ट्रीम मीडिया विकला गेलाय, आम्हीच खरे’ असं पहिल्या पत्रात लिहू नका. माझं अर्धं पत्र दुसऱ्यांच्या बातमीदारीवर उभं आहे. चांदवडच्या रास्ता रोकोला उन्हात उभा होता तो कुठल्यातरी दैनिकाचा तालुका वार्ताहर, ज्याला महिन्याला पेट्रोलपुरतेही पैसे मिळत नाहीत. त्यानं ते बंद केलं तर मी घरबसल्या अधिसूचनेचा अर्थ लावून काय करू? जिल्हा परिषदेच्या सभेला, पोलीस ठाण्यात, पंचनाम्याला जायला अजून तीच माणसं आहेत. तुमच्या पत्रानं त्यांची जागा भरत नाही. त्यांच्या पानात जे मावत नाही तेवढंच तुम्ही लिहिणार आहात.

पोस्टमन काका (नागपूर)

निफाडच्या ताईंनी आशय सांगितला, मी नळजोडणी सांगतो.

सबस्टॅक २०१७ला सुरू झालं. पहिलं पत्र बिल बिशप यांचं चीनवरचं ‘सिनोसिझम’, म्हणजे तिथंही सुरुवात एका विषयाच्या जाणकारानंच केली. २०२५च्या मार्चमध्ये त्यांच्या पैसे भरलेल्या वर्गण्या पन्नास लाखांवर गेल्या. लिहिणाऱ्याच्या कमाईतले दहा टक्के ते घेतात. पण भीमाकाठ, तुमच्यासाठी हे सगळं गौण आहे, कारण सबस्टॅकचे पैसे फक्त स्ट्राइप या पेमेंट कंपनीमार्फत येतात आणि स्ट्राइप भारतात नवी खाती निमंत्रणाशिवाय उघडत नाही. तेव्हा फुकट पत्र पाठवायला सबस्टॅक वापरा हवं तर, वर्गणी मात्र यूपीआय किंवा रेझरपेसारख्या ठिकाणी घ्या आणि नावं एका शीटमध्ये लिहा. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापून घेण्याच्या भानगडीत पडू नका. रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१चे नियम आल्यावर भल्याभल्यांच्या वर्गण्या एका रात्रीत तुटल्या होत्या. वर्षाची वर्गणी, हातानं नूतनीकरण, आठवणीचा एक निरोप. बास.

यादी दर महिन्याला उतरवून स्वतःकडं ठेवा. ट्विटरनं २०२१ला ‘रेव्ह्यू’ ही सबस्टॅकसारखीच सेवा विकत घेतली आणि २०२३च्या जानेवारीत बंद केली. ‘टायनीलेटर’ ही तसलीच सेवा २९ फेब्रुवारी २०२४ला गेली. केसी न्यूटन या अमेरिकन पत्रकारानं आपलं ‘प्लॅटफॉर्मर’ हे पत्र सबस्टॅकवरून घोस्ट या दुसऱ्या सेवेवर हलवलं, जानेवारी २०२४ला, तिथल्या नाझी मजकुरावरून वाद झाला म्हणून. त्याला हलता आलं कारण वाचकांचे पत्ते त्याच्याकडं होते. यूट्यूबवर दहा लाख सबस्क्रायबर असले तरी त्यातल्या एकाचाही पत्ता तुमच्याकडं नसतो.

एक मराठीची अडचण, जी इंग्रजीवाल्यांना कळत नाही. जीमेल १०२ केबीच्या वरचं पत्र मध्येच कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी बारीक ओळ देतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, यूटीएफ-८मध्ये (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइट खातं, इंग्रजी अक्षर एकच. म्हणजे तेवढाच मजकूर आपल्याला जवळपास तिप्पट पडतो. वर साच्याचा कोड आणि लिंकांचा पसारा. तुमचं तीस कारखान्यांचं कोष्टक एचटीएमएलमध्ये, म्हणजे पत्राच्या मजकुरातच टाकलंत तर पत्र कापलं जाऊ शकतं आणि मग तळाचा क्यूआर कोड कुणाला दिसणार नाही. कोष्टक चित्र म्हणून टाका किंवा पीडीएफला लिंक द्या.

स्वतःच्या डोमेनवरून पाठवणार असाल तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पत्र खरंच तुमच्याकडूनच आलंय हे दाखवणाऱ्या नोंदी) ही तीन कामं आधी करून घ्या, नाहीतर पत्र स्पॅममध्ये. एखाद्या कॉम्प्युटरवाल्या पोराला तासाभराचं काम आहे. आणि किती जणांनी उघडलं हा आकडा मनावर घेऊ नका. २०२१पासून अॅपल मेल स्वतःच पत्र ‘उघडतं’, त्यामुळे तो फुगलेला असतो. उत्तरं किती येतात ते मोजा.

माढा ते डॅलस

मी तो पोरगा. वडील माढ्यात, अडीच एकर ऊस, आणि दर रविवारी आमचं संभाषण ‘बिल जमा झालं का’ इथून सुरू होतं. असं पत्र निघालं तर मी पहिल्या दिवशी भरीन, सहाशे काय, दोन हजारही. पण इथून भरायचं कसं? माझा अमेरिकन पासपोर्ट झालाय आता, भारतातलं यूपीआय बंद पडलंय. थेट तुमच्या खात्यावर मदत म्हणून पाठवले तर चालेल का?

हिशेबनीस (कोल्हापूर)

वरच्या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. मदत म्हणून अजिबात पाठवू नका, आणि भीमाकाठ, तुम्ही पत्रात कुठंही ‘देणगी’, ‘सहयोग निधी’, ‘पाठबळ’ लिहू नका. एफसीआरए कायद्यात (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीकृत वर्तमानपत्रांचे आणि इलेक्ट्रॉनिक वृत्तमाध्यमांचे बातमीदार, स्तंभलेखक, संपादक यांना परदेशी देणगी घ्यायला सरळ बंदी आहे. परदेशी पासपोर्टवाला आपला सख्खा भाचा असला तरी कायद्याला तो परदेशी स्रोत. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर प्रश्न नाही. विक्रीचं मात्र वेगळं. व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात सेवेची किंमत म्हणून घेतलेले पैसे त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून दर ठरलेला हवा, सगळ्यांना तोच हवा, पावती हवी, आणि बदल्यात पत्र गेलेलं दिसायला हवं. डॅलसवाल्यांचे दोन हजार नकोत, सहाशेच घ्या. परदेशी कार्ड चालणारं पेमेंट पेज त्यासाठी उघडा.

बाकी थोडक्यात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पत्रासाठी वेगळं बँक खातं ठेवा, घरखर्चात मिसळू नका. २०२१च्या आयटी नियमांत चालू घडामोडींचे ऑनलाइन प्रकाशक येतात. हौसेनं लिहिणारा बाहेर राहतो, वर्गणी घेऊन नियमित लिहिणारा माझ्या वाचनाप्रमाणे आत. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१मध्ये त्यातल्या आचारसंहितेच्या उपनियमांना स्थगिती दिली, पण तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव आणि ईमेल छापायला काय जातंय? छापा. तो माणूस तुम्हीच.

नोटिशीचं. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. चेअरमन नोटीस पाठवेल हे धरूनच चला. साखर आयुक्तालयाच्या अहवालातला आकडा, तारीख आणि तक्ता क्रमांक देऊन छापलात तर नोटिशीला उत्तर द्यायला अर्धा तास लागतो. ‘सूत्रांनुसार’ छापलात तर वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या. प्रत्येक आकड्याचा कागद फायलीत, आणि एक वकील आधीपासून ओळखीचा. जे दप्तरात मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, अधिस्वीकृती लागत नाही.

भीमाकाठ (सोलापूर)

सगळ्यांचे आभार. घरात बोललो. बायको म्हणते, वाढदिवसाच्या जाहिरातींचा हिशेब रात्री अकराला करत बसतोस त्यापेक्षा हे बरं. पण वर्षभराच्या खर्चाची अट तिनंही घातलीय, म्हणजे येत्या गळीत हंगामाच्या सुरुवातीपर्यंत थांबावं लागेल. तोवर नेमणूकपत्रातलं कलम एका वकिलाला दाखवतो.

निफाडच्या ताई, तीस कारखान्यांचं कोष्टक दर आठवड्याला भरणं मला एकट्याला झेपणार नाही, असं करून बघितल्यावर वाटतंय. निम्मे आकडे आठवड्यात बदलतच नाहीत. आणि उजनीचं म्हणाल तर पावसाळ्यात रोज बदलतात, जानेवारीत महिनाभर सांगण्यासारखं काही नसतं. वार कोणता धरू?

निफाडची

वार धरूच नका. माझा कांदा रोज बाजारात येतो म्हणून आठवडा लागतो. साखर आयुक्तालयाचा एफआरपीचा अहवाल पंधरवड्याचा असतो, १५ तारखेपर्यंतचा आणि महिनाअखेरपर्यंतचा. तुमचं पत्रही महिन्यातून दोनदाच, तो अहवाल हाती आल्यावर तीन दिवसांत. कोष्टकात सगळे तीस दरवेळी नकोत, मागच्या पंधरवड्यापेक्षा ज्यांची थकबाकी वाढली तेवढेच वर घ्या, पूर्ण तक्ता पीडीएफमध्ये. उजनीला ठरलेली जागा देऊ नका. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली, आवर्तन (कालव्याचं पाणी) सुटलं किंवा धरणाचे दरवाजे उघडले की त्याच दिवशी एक पानी जादा पत्र, तेही फक्त वर्गणीदारांना. आणि हंगाम संपल्यावर, मे-जूनमध्ये, महिन्याला एकच पत्र जाईल हे वर्गणी घेतानाच लिहून टाका, म्हणजे नंतर ‘अंक कुठंय’ म्हणून कुणी भांडायला येणार नाही. कोष्टकाचा नमुना मी व्यनि (खासगी निरोप) करते, त्यात कांद्याच्या जागी कारखाने टाका.